रव्याला पाणी सुटलंय: एका शब्दसंग्रहाचं प्रकरण

मृगाच्या आधी आठ दिवस एक मेसेज आला: 'गोदामातल्या रव्याला पाणी सुटलंय, काय करावं?' आमच्या यंत्रानं तो 'स्वयंपाक' या खणात टाकला आणि हा विषय आमच्या सेवेत येत नाही, असं पाठवणाऱ्याला नम्रपणे कळवून टाकलं.

कोल्हापुरात गुळाच्या मोठ्या ढेपेला रवा म्हणतात. मार्केट यार्डात 'आज रव्यांची आवक किती?' असंच विचारतात. उपम्याचा रवा निराळा. पाणी सुटणं हेही इथलं नेहमीचं दुखणं. गुळातली थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालेली असते, ती दमट हवेतलं पाणी ओढून घेते, म्हणून पावसाळ्यात गूळ पाझरतो. म्हणजे प्रश्न आमच्या हद्दीतला होता, उत्तरही तयार होतं. मधे एक शब्द आडवा आला. हा अर्थ इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतो. मलाही माहीत होता. पण तो यंत्राला मुद्दाम शिकवावा लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सेवा तशी साधी. ऊस आणि गूळ यांबद्दल शेतकरी व्हॉट्सॲपवर प्रश्न विचारणार, यंत्र विषय ओळखणार आणि तयार उत्तर देणार किंवा जाणकाराकडे पाठवणार. काम करणारे आम्ही दोघं: मी इथला, पेठेत वाढलेला, आणि माझी सहकारी पुण्याची. अर्थ सांगायला तिसरे तात्या. त्यांची अख्खी हयात गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून गेली. काहिलीतला, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईतला, पाक कधी उतरवायचा हे ते नुसतं बुडबुड्यांकडं बघून सांगतात.

यंत्राला शब्दांचं ज्ञान लागतं म्हणजे नेमकं काय लागतं? शब्दाची रूपं, त्याचे अर्थ, तो कोणाच्या जोडीनं येतो, कोणता शब्द कोणाचा प्रकार आहे, एवढं तरी लागतं. माणसांनी हे हातानं गोळा करायचं तर काय होतं ते आपल्या कोशकारांनी दाखवून दिलंय. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड निघायला 1932 ते 1938 लागली, पुरवणी आली 1950 मध्ये. मोल्सवर्थच्या कोशाच्या 1857 च्या आवृत्तीत साठेक हजार शब्द आहेत आणि शेतीभातीचे शब्द शोधायला तो आजही उघडावा लागतो. आयआयटी मुंबईत तयार झालेलं मराठी वर्डनेट समानार्थी शब्दांचे गट आणि त्यांची नाती देतं. हे सगळं आम्ही वापरलं. पण कोश अर्थ सांगतो. आज, या तालुक्यात, या मोसमात त्यातला कुठला अर्थ चालतो ते सांगत नाही. ते शोधायचं तर लोक प्रत्यक्ष काय लिहितात तिकडंच जावं लागतं.

मूळ कल्पना जुनीच आहे. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, असं इंग्रज भाषावैज्ञानिक जे. आर. फर्थ यांनी 1957 मध्ये मांडलं. आपल्याकडं माणसांबद्दल हेच म्हणतात, शब्दांबद्दल म्हणायचं कोणाला सुचलं नाही इतकंच.

संगत मोजण्याआधी मेसेज धुऊन घ्यायचे होते, आणि तिथंच पहिली फजिती झाली. 'गुऱ्हाळ' हा आमच्या धंद्याचा पहिला शब्द. त्यातला ऱ्ह संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. काही कीबोर्ड टिंब असलेला वेगळा ऱ वापरतात, तर काही साधा र, हलन्त आणि त्यापुढं डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. त्यात आमच्या साफसफाईच्या प्रोग्रॅमनं 'न दिसणारा कचरा' म्हणून ते जोडचिन्ह झाडून काढलं आणि तिसरंच रूप जन्माला आलं: गुर्हाळ. रफार डोक्यावर. मग त्याला विभक्ती लागणार, गुऱ्हाळावर, गुऱ्हाळात, गुऱ्हाळातला, आणि प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती होणार. शब्दाची संगत आकड्यांच्या एका ओळीत मांडली की तिला त्याचा सदिश म्हणतात; ज्यांची संगत सारखी ते शब्द त्यात शेजारी येतात. असे सदिश काढणाऱ्या वर्ड2व्हेक या साधनात पाचपेक्षा कमी वेळा आलेला शब्द आपोआप वगळण्याची सोय असते. त्या चाळणीतून गुऱ्हाळाची निम्मी रूपं गळून पडली. दोन दिवस आम्ही मॉडेलला दोष देत होतो. दोष झाडूचा होता.

दुसरी अडचण मराठीच्या स्वभावातली. 'काहील' या शब्दाला प्रत्यय लागला की तो 'काहिली' होतो: काहिलीत, काहिलीतून, काहिलीवरची. पण उन्हानं अंगाची होते तीही काहिली, आणि तिचंही रूप काहिलीत. वर्तमानपत्री मजकुरावर शिकलेल्या यंत्राला 'काहिलीत' म्हटलं की मे महिना आठवतो. 'वाडं' म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, जनावरांची वैरण. त्याचं सामान्यरूप 'वाड्या-', आणि वाड्याचंही तेच. 'वाड्याला काय दर आहे?' या प्रश्नाला घरांच्या किमती सांगणारं यंत्र मी स्वतः पाहिलंय. आमचंच होतं.

शब्द तोडून मूळ रूप काढणारं साधन आम्ही लावलं, आणि जोडीला फास्टटेक्स्ट हे सदिश काढणारं दुसरं साधन वापरलं. ते अख्ख्या शब्दासोबत त्यातले तीन ते सहा अक्षरांचे तुकडेही शिकतं, म्हणून न पाहिलेलं रूप आलं तरी गडबडत नाही. मराठीसारख्या प्रत्ययांच्या भाषेला हे मानवतं. पण यातली अक्षरं म्हणजे आपली अक्षरं नव्हेत. मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं सुटं मोजलं जातं. शिवाय दिसायला सारखे शब्द ते शेजारी आणून बसवतं. 'मळी'च्या शेजाऱ्यांत आम्हाला 'मळमळ' सापडली. सहकारी म्हणाली, "गुळाच्या प्रकल्पाला शुभशकुन आहे हा."

आता मुख्य काम. नवे शब्द शोधणं सोपं गेलं, इतकं की त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एखादा शब्द आमच्या मेसेजांत सामान्य मराठीच्या मानानं किती पट जास्त येतो ते पाहायचं आणि यादी वरून खाली वाचायची. काकवी, चुलवाण, चिपाड, खोडवा, निडवा, गुळव्या, आडसाली, सगळे एका दमात वर आले. आम्ही खूश. यादी तात्यांना वाचून दाखवली तर ते म्हणाले, "हे समदं खरं हाय. पन रवा कुठं हाय? फड कुठं हाय? टोळी न्हाई, सुरू न्हाई. मग राह्यलं काय?"

त्यांनी एका वाक्यात आमच्या पद्धतीचं भोक दाखवलं. हे शब्द सामान्य मराठीतही भरपूर असतात, म्हणून गुणोत्तरात वर येतच नाहीत. 'सुरू' तर आम्ही निरर्थक शब्दांच्या यादीत घालून आधीच काढून टाकला होता. उसाच्या लागणीचे हंगाम तीन: आडसाली, पूर्वहंगामी आणि सुरू. 'सुरूला खत कधी द्यायचं?' यातला सुरू काढला तर प्रश्नातलं उरलं काय? फड उसाचा असतो, तमाशाचा असतो, कुस्तीचा असतो. टोळी ऊसतोडीची असते, पण बातम्यांवर पोसलेलं यंत्र 'टोळी आली' म्हटल्यावर पोलिसांकडं बघतं. तुरा फेट्याला असतो आणि उसालाही येतो. उसाला आलेला तुरा शेतकऱ्याला नको असतो, कारण मग वाढ थांबते.

अवघड असतो तो यंत्राला आधीच माहीत असलेला शब्द. नवखा शब्द दिसला की यंत्र निदान अडखळतं तरी, ओळखीच्या शब्दावर ते ठाम चुकतं. आमचं पुढचं सगळं काम या एका निरीक्षणावर फिरलं.

सामान्य मराठीचा मजकूर आमच्या मेसेजांत मिसळून एकच मॉडेल शिकवायचं, असा पहिला बेत होता. पुण्याच्या एल3क्यूब या संशोधन गटानं 2022 मध्ये खुल्या केलेल्या महाकॉर्पस या मराठी मजकुराच्या साठ्यात 2 कोटी 48 लाख वाक्यं आणि 28 कोटी 90 लाख शब्द आहेत. त्यात आमचे मेसेज म्हणजे पंचगंगेच्या पुरात घागर. शिवाय वर्ड2व्हेकच्या जातीची मॉडेलं एका शब्दाला एकच सदिश देतात. रव्याचा तो सदिश शिऱ्याच्या कढईत जाऊन बसला, मार्केट यार्डाचं नावही त्याच्या आसपास उरलं नाही.

म्हणून उलट केलं. दोन मॉडेलं वेगवेगळी शिकवली, एक सामान्य मराठीवर आणि एक फक्त आमच्या मेसेजांवर. दोन मॉडेलांचे सदिश थेट ताडून बघता येत नाहीत, कारण दोघांचे अक्ष निराळे. पण शेजारी ताडता येतात. सामान्य मराठीत रव्याचे शेजारी शिरा, उपमा, मैदा, बेसन. आमच्याकडं ढेप, सौदा, अडत, गोदाम. दोन याद्यांत एकही नाव सामायिक नाही. ज्या शब्दाचे शेजारी असे पार बदललेले, तो अर्थ बदललेल्याचा संशयित. छोट्या मजकुरावर हे शेजारीही दर वेळी थोडे बदलतात, म्हणून तेच मॉडेल दहा वेळा नव्यानं शिकवलं आणि परत परत आले तेवढेच शेजारी धरले. फड, टोळी, तुरा, वाडं, रवा यादीत आले. सोबत नमस्कार, साहेब, फोटो असला भरताडही आला, कारण मेसेजांत या शब्दांची संगत वर्तमानपत्रापेक्षा वेगळीच असते. तो तात्यांनी दहा मिनिटांत उपसून टाकला.

संगत पक्की करायला केनेथ चर्च आणि पॅट्रिक हँक्स या संशोधकांनी 1990 मध्ये कोशकारांसाठी सुचवलेलं माप घेतलं. ते हातानं करून बघण्यासारखं आहे. समजा, लाखभर शब्दांच्या मजकुरात 'रवा' 200 वेळा आला आणि 'सौदा' 100 वेळा. दोघांचा काही संबंध नसता तर 200 गुणिले 100 भागिले 1,00,000, म्हणजे 0.2 वेळा ते शेजारी दिसले असते. दिसले 12 वेळा. अपेक्षेच्या 60 पट. याचा दोनच्या पायावर लॉगरिदम घेतला की 5.9 येतो, तोच या जोडीचा गुण. (आकडे समजुतीपुरते आहेत.) या मापाची खोड अशी की एकदाच आलेल्या दुर्मिळ जोड्यांना ते डोक्यावर घेतं. कोणीतरी 'रवा' आणि 'हेलिकॉप्टर' एका ओळीत लिहिलं की झालं. म्हणून ठरावीक वेळांहून कमी दिसलेल्या जोड्या आम्ही मोजल्याच नाहीत.

आता एकेका वाक्यातला रवा कुठला, हा प्रश्न. त्यासाठी डेव्हिड यारोव्स्की यांची 1995 ची युक्ती अजूनही मला फार आवडते. प्रत्येक अर्थासाठी दोन-चार खुणेचे शब्द हातानं द्यायचे. त्यावरून काही वाक्यं ओळखायची, त्यांच्यातून यंत्रानं नव्या खुणा शिकायच्या, आणखी वाक्यं ओळखायची, असं वर्तुळ वाढत जातं. इंग्रजीतल्या एका शब्दाचे 'झाड' आणि 'कारखाना' असे दोन अर्थ त्यांनी असेच वेगळे केले होते आणि निकाल 96 टक्क्यांच्या आसपास अचूक आला होता. एका संभाषणात शब्द सहसा एकाच अर्थानं वावरतो, हाही त्या पद्धतीचा आधार.

स्वयंपाकातल्या रव्याच्या खुणा मी दिल्या: शिरा, भाजणे, वाटी. ढेपेच्या खुणा: सौदा, अडत, गूळ. आणि इथं मी घसरलो. आमच्या घरी रव्याचे लाडू गुळातही करतात. 'रवा भाजून त्यात गूळ घालावा' अशी वाक्यं ढेपेच्या बाजूला गेली, त्यांच्याबरोबर तूप गेलं, वेलदोडा गेला, आणि चौथ्या फेरीला मार्केट यार्डात फराळ मांडला गेला. चुकीची खूण दिली की ही पद्धत ती चूक इमानेइतबारे वाढवत नेते. गूळ काढून गोदाम आणि आवक घातलं तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. म्हणजे गुळाचा रवा ओळखायला सर्वांत निरुपयोगी शब्द कुठला, तर गूळ.

कोणता शब्द कोणाचा प्रकार हे काढायला मार्टी हर्स्ट यांनी 1992 मध्ये वाक्यांचे साचे वापरले होते. मराठीत त्याची बरोबरी 'वगैरे', '-सारखा' आणि 'म्हणजे' करतात. 'काकवी म्हणजे पातळ गूळ' असं एक वाक्य मिळालं की नोंद तयार. पण 'म्हणजे' आमच्याकडं श्वासासारखा येतो. 'म्हंजे कसं, बघा, म्हंजे आमचा ऊस...' या साच्यातून यंत्रानं 'कसं'ची व्याख्या काढली ती मी इथं देत नाही. हा साचा छापील पुस्तिकांवर चालवला, मेसेजांवर बंद केला.

आकड्यांचं प्रकरण मला अपेक्षितच नव्हतं. मजकूर धुताना आकडे काढून टाकायची सवय असते. पण इथं आकडा हे नाव असतं. 'दोनशे पासष्टला तुरा आलाय' यातला 265 ही उसाची जात, 86032 हीसुद्धा. उलट 'एकशे पाचवर उतरवलं' यातला 105 म्हणजे तापमान: काकवी 105-106 अंश सेल्सिअसला उतरवतात, गूळ 118 ते 120 ला. सगळे आकडे परत आणले आणि शेजाऱ्यांवरून त्यांचे गट पाडले. जातींचे आकडे लागण, बेणं, तुरा यांच्या संगतीत असतात, तापमानाचे पाक, काहील, उतरवणे यांच्या. हे काम मात्र यंत्रानं झोकात केलं.

संदर्भानुसार प्रत्येक वापराला वेगळा सदिश देणारी बर्ट जातीची मॉडेलं 2018 पासून आली, मराठीत महाबर्ट आहे. ते वापरून वाक्यांचे ढीग केले तर रव्याचे दोन ढीग सुरेख पडले. फडाचेही पडले. 'मळी'चे पडेनात. वाक्यं कमी होती, आणि माझ्यात नि सहकारीत एकमतही होईना. मी म्हणत होतो, साखर कारखान्याची मळी. ती म्हणत होती, रस उकळताना वर येणारा मळ, जो भेंडीचं पाणी टाकून काढतात. वीसेक वाक्यांवर आम्ही अर्धा दिवस वाद घातला. शेवटी तिनं तात्यांना फोन लावला.

"काका, मळी म्हणजे नक्की काय हो?"

"कुठली मळी म्हंतीस?" तात्या म्हणाले. "कारखान्याची, काहिलीवरची, का नदीकाठची?"

तिसरी आम्हा दोघांच्याही गावी नव्हती. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीलाही मळी म्हणतात. ज्या वाक्यांवर आम्ही भांडत होतो त्यांतली बरीचशी तिचीच होती: 'मळीत ऊस लावलाय, पाणी शिरलं.' पंचगंगा पात्राबाहेर पडली की असे मेसेज येणारच.

त्या फोननंतर दोन गोष्टी बदलल्या. एक, आम्ही तात्यांना याद्या वाचून दाखवायचं बंद केलं आणि यंत्र ज्या वाक्यांवर अडखळतं तेवढीच वाक्यं त्यांच्यापुढं ठेवायला लागलो. त्यांचा वेळ वाचला आणि एकेका उत्तरातून यंत्राला जास्त शिकता आलं. दोन, यंत्राला परत विचारायला शिकवलं. दोन अर्थांत फरक पुरेसा नसेल तर खणात ढकलायचं नाही, तात्यांसारखं विचारायचं: कुठली?

अचूकता किती टक्के वाढली ते मी इथं लिहीत नाही. तपासणीचा संच आम्हीच जमवला, आम्हीच त्यावर अर्थ लिहिले आणि तो लहान होता. असल्या संचावरची टक्केवारी दाखवायला बरी असते, तिच्यावर विसंबून काही ठरवू नये. इंग्रजी अक्षरांत लिहिलेले मराठी मेसेज आम्ही बाजूला ठेवले, ते फार आहेत आणि त्यांचं लिखाण ज्याचं त्याचं. आवाजी मेसेजांना हातही लावलेला नाही.

आमच्या कोशात आज रव्याला दोन अर्थ आहेत, फडाला तीन, मळीला तीन. प्रत्येक अर्थापुढं त्याची संगत आणि निदान एक खरं वाक्य, पाठवणाऱ्याच्या परवानगीनं, नाव काढून. ज्यांचा रवा पाझरला होता त्यांना आम्ही दुसऱ्या दिवशी फोन करून दिलगिरी सांगितली. ढेपा जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवा, भोवती कोरडं चिपाड घाला, दमट दिवसांत गोदामाची दारं बंद ठेवा, हेही सांगितलं. ते त्यांनी आधीच केलं होतं.

पुढं पावसात शिरोळकडून मेसेज आला: 'मळीचं काय करायचं?' यंत्रानं विचारलं, कारखान्याची, काहिलीवरची का नदीकाठची? पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग आलं: 'शेतात कमरंएवढं पाणी हाय आन् तुम्ही कसल्या मळ्या मोजताय?'